हत्यार जुने झाले, आता काय?



रोज रात्री या वर्गात तुम्ही वाचता आणि आम्ही मागे बसून ऐकतो. आज गुरुजींनी आम्हांलाच पुढे उभे केले आहे. आम्ही काही पंडित नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत घरांवर पत्रे टाकत फिरणारी आमची पाच जणांची टोळी. शिडी, दोरी, हातोडा आणि बॅटरीवरची दोन ड्रिल मशीने, हीच आमची इस्टेट.

परवा वर्गातल्या एका भाऊंनी पिशवीतून आपले ड्रिल काढले आणि विचारले, "हे पहिल्यासारखं चालत नाही. दुरुस्त करू का नवं घेऊ?" त्यावर वर्गात दहा तोंडांनी दहा उत्तरे आली. कोणी म्हणाले, "टाक भंगारात." कोणी म्हणाले, "अरे, अजून पाच वर्षं जाईल." ते भाऊ बिचारे जास्तच गोंधळले. तेव्हा गुरुजी आम्हांला म्हणाले, "तुम्ही या वाटेने गेला आहात. तुम्हीच सांगा." म्हणून हे चार शब्द.

पूर्वीचे सुतार सामत्याने भोक पाडत. कमानीच्या दोरीचा वेढा सामत्याला द्यायचा आणि कमान मागेपुढे ओढायची. कोणी गिरमिट वापरी. पुढे विजेवरचे ड्रिल आले. पण त्याला तार लागते, आणि तारेला वीज लागते. १९६१ साली अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर या कंपनीने बिनतारेचे, बॅटरीवर चालणारे ड्रिल काढले. १९७१ साली अपोलो १५ चे अंतराळवीर चंद्रावर उतरले, तेव्हा तिथल्या जमिनीत भोके पाडायला त्यांनीही बॅटरीवरचेच ड्रिल नेले होते. चंद्रावर विजेचा खांब कुठला? आपल्या काही पाड्यांवर पावसावाऱ्यात वीज गेली की आपलीही तीच गत होते. म्हणून हे यंत्र आपल्याकडे इतके लवकर रुजले. पत्र्यावर चढायचे, खाली तार लोंबकळत नाही, पाय अडकत नाही. भोकही पडते आणि स्क्रूही पिळला जातो.

पण सामता पिढ्यान् पिढ्या चाले. हे यंत्र तसे नाही. त्याला वय आहे. ते म्हातारे होते. तेव्हा काय करायचे, हे आधीच माहीत असले पाहिजे. आम्हांला ते माहीत नव्हते. त्याची गोष्ट प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर आम्ही काम घेतले होते. घर एका आजींचे. घरात आजी आणि दोन नातवंडे. कौले फुटली होती, म्हणून पत्रे टाकायचे ठरले होते. मे महिन्याचे शेवटचे दिवस. मृग तोंडावर आलेला. बावीस पत्र्यांपैकी चौदा पत्रे बसले आणि आमचे ड्रिल अडखळू लागले. घोडा दाबला तर फिरत नसे. हातावर आपटले की फिरे. मागच्या फटींतून निळ्या ठिणग्या दिसत. जळका वास येई. शेवटी ते बंदच पडले. त्या वेळी आमच्याकडे तेवढे एकच ड्रिल होते.

आजी खालून म्हणाल्या, "काय रे पोरांनो, मशीन बसली का?"

आम्ही म्हणालो, "जळली, आजी."

कोणता भाग जळला, हे आम्ही पाहिलेच नाही. वास आला म्हणजे जळली, एवढेच आमचे शहाणपण. उरलेले आठ पत्रे आम्ही खिळ्यांनी ठोकले. त्याच आठवड्यात पाऊस आला. स्क्रूला रबरी वायसर असते. ते पत्र्यावर घट्ट बसते आणि भोकातून पाणी आत येत नाही. खिळ्याला तसले काही नव्हते. त्या आठ पत्र्यांतून आजींच्या घरात चारही महिने पाणी ठिबकत होते. भाताचे एक पोते भिजले आणि त्याला कोंब फुटले. आजींनी आम्हांला शिवी दिली नाही. दिली असती तर बरे वाटले असते.

आता पुढचे ऐका. ते ड्रिल आम्ही भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिले आणि उसने पैसे काढून नवे घेतले. दोन महिन्यांनी त्याच भंगारवाल्याच्या दुकानात गेलो, तर त्याचा मुलगा आमच्याच ड्रिलने फळीला भोके पाडत होता. आम्ही विचारले, "हे चालू कसं झालं?" तो म्हणाला, "काही नाही, कार्बन संपले होते. बदलले."

मंडळी, कार्बन म्हणजे काय? ड्रिलच्या मोटारीत मधला भाग फिरत असतो. त्या फिरत्या भागाला वीज द्यायची, तर त्याच्यावर काहीतरी टेकलेले हवे. म्हणून दोन बाजूंना कार्बनचे दोन लहान तुकडे स्प्रिंगने टेकवलेले असतात. खडू जसा फळ्यावर झिजतो, तसे हे तुकडे झिजतात. झिजले की नीट टेकत नाहीत. मग ठिणग्या उडतात, यंत्र अडखळते, आपटले की चालते. हे दोन तुकडे बोटाच्या पेरापेक्षा लहान असतात आणि इतर भागांच्या मानाने फारच स्वस्त. तेवढ्यासाठी आम्ही यंत्र घालवले, कर्ज काढले आणि आजींचे घर गळके ठेवले.

म्हण आहे ना, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तसे आमचे झाले. म्हणून पहिली गोष्ट ही, की दुरुस्ती की नवे हा प्रश्न पहिला नव्हेच. पहिला प्रश्न असा: यंत्राचा कोणता भाग आजारी आहे?

बॅटरीच्या ड्रिलमध्ये तीन वेगळ्या वस्तू असतात. एक यंत्र, दुसरी बॅटरी, तिसरा चार्जर. तिघांचे वय वेगळे. आपण मात्र तिघांना मिळून एकच नाव देतो, आणि एक बिघडला की तिघांनाही फेकतो.

तपासायची रीत सोपी आहे. तुमच्या ओळखीत कोणाकडे त्याच कंपनीचे, त्याच जातीचे ड्रिल आहे का, ते पाहा. त्याची भरलेली बॅटरी तुमच्या यंत्राला लावा. यंत्र जोरात फिरले, तर यंत्र धडधाकट आहे. दोष बॅटरीत नाहीतर चार्जरमध्ये. मग तुमची बॅटरी त्याच्या चार्जरवर लावा. नीट भरली आणि नीट चालली, तर दोष चार्जरचा. भरली पण दहा-वीस स्क्रूंत संपली, तर बॅटरी म्हातारी झाली. काही वेळा दोष यातला कोणताच नसतो. बॅटरीच्या तोंडाशी पितळेच्या पट्ट्या असतात. त्यांत सिमेंटची धूळ बसते, पावसाळ्यात त्यांच्यावर गंज चढतो. बॅटरी काढून त्या कोरड्या फडक्याने पुसा. कधी कधी तेवढ्यानेच काम होते.

दुसऱ्याची चांगली बॅटरी लावूनही यंत्र चालत नसेल, तर दोष यंत्रात आहे. ठिणग्या आणि आपटले की चालणे, हे कार्बनचे लक्षण. घोडा हळू दाबला तरी यंत्र एकदम वेगानेच सुटते, नाहीतर मधेच बंद पडते, हे स्विचचे लक्षण. आतून खरखर, कडकड आवाज येतो, हे दातेरी चाकांचे, म्हणजे गियरचे लक्षण. बिट धरणारे तोंड, ज्याला आपण चक म्हणतो, ते डगमगते किंवा बिट सोडून देते, तर दोष चकचा. आणि धूर निघाला, आतली तांब्याची तार काळी पडली, तर मोटार जळली. स्वस्त यंत्राची मोटार जळली की ते यंत्र बहुधा संपलेच.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हल्ली काही ड्रिलांवर 'ब्रशलेस' असे लिहिलेले असते. त्यांत कार्बन नसतातच, म्हणून झिजण्याचा प्रश्नही नाही. आणि काही हलक्या यंत्रांत कार्बन असतात, पण ते बदलता येत नाहीत. मोटार अख्खीच बदलावी लागते. तेव्हा यंत्र उघडण्याआधी दुकानदाराला विचारा.

आता बॅटरीविषयी सांगतो. कारण यंत्राआधी बहुधा बॅटरीच थकते. परवाच्या भाऊंच्या बॅटरीवर '१८ व्होल्ट, २ एएच' असे लिहिले आहे. वाचता आले, पण अर्थ कळला नाही, असे ते म्हणाले. तर ऐका.

त्या डबीत बोटापेक्षा थोड्या जाड अशा नळकांड्या असतात. त्यांना सेल म्हणतात. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा. असे पाच सेल एकापुढे एक जोडले, की पाच गुणिले ३.६ म्हणजे १८ व्होल्ट. तोच सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणजे पाचांचे २१ होतात. त्यामुळे काही कंपन्या त्याच पाच सेलांच्या बॅटरीवर '२० व्होल्ट मॅक्स' असे लिहितात. वीस म्हणजे अठरापेक्षा दोन जास्त, असे समजून फसू नका. दोन्ही एकाच मापाच्या.

'एएच' म्हणजे डबीत किती साठा आहे त्याचे माप. व्होल्ट आणि एएच यांचा गुणाकार करा. १८ गुणिले २ म्हणजे ३६. १८ गुणिले ४ म्हणजे ७२. म्हणजे दुसरी बॅटरी पहिलीच्या दुप्पट काम करील. पाढे येतात ना आता? मग दुकानात उभ्या उभ्या हा हिशेब करता येतो.

लिथियमची बॅटरी पहिल्यांदा विक्रीला आणली ती जपानच्या सोनी कंपनीने, १९९१ साली. ती ज्यांच्या संशोधनातून घडली, त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वस्तू मोठी गुणाची आहे. पण तिला दोन शत्रू आहेत. एक ऊन आणि दुसरे वय. वापरा अगर ठेवून द्या, तिचे वय वाढतच असते. आणि पाच सेलांपैकी एक जरी मेला, तरी सगळी डबी बसते. पाच बैलांच्या औतात एक लंगडा असला की औत त्याच्याच चालीने चालते, तसे.

मग मनात येते, मेलेला सेल तेवढा बदलावा. आम्हीही तसेच केले. ही आमची दुसरी चूक. नवी बॅटरी महाग पडते, म्हणून कोणाकडून तरी स्वस्तात एक सेल बदलून घेतला. एक नवा, चार जुने. जुने लवकर भरत, लवकर रिकामे होत, आणि सगळा ताण वाढत जाई. त्याने तो सेल साध्या डागणीने झाळला होता. त्या उष्णतेने सेलला आतून इजा होते. सेल जोडायचे ते पट्टी लावून स्पॉट वेल्डिंगने. शिवाय डबीत एक छोटी पाटी असते. ती जास्त भरू देत नाही, जास्त रिकामे होऊ देत नाही. तीही त्याने काढून टाकली होती.

एका रात्री ती बॅटरी पडवीत चार्जरला लावून आम्ही जेवायला बसलो. शेजारी पेंढ्याची गंजी. आमच्यातल्या एकाची लेक पाणी आणायला उठली आणि ओरडली, "बाबा, वास येतोय!" पाहतो तर डबी वाकडी झालेली, चटका बसण्याइतकी तापलेली. भिंतीवरचे बटण बंद केले. फावड्यावर घेऊन ती दूर मोकळ्या मातीत ठेवली. तिथे तिने बराच वेळ धूर सोडला. पोर वेळेवर उठली नसती, तर आज हे भाषण करायला आम्ही उरलो असतो की नाही, कोण जाणे.

तेव्हा नीट ऐका. लिथियमची बॅटरी घरी फोडू नका, ठोकू नका, भोसकू नका. सेल बदलायचे तर पाचही एकदम, एकाच मापाचे, आणि ज्याच्याकडे स्पॉट वेल्डिंगचे यंत्र आणि संरक्षणाची पाटी तपासण्याची अक्कल आहे अशाच माणसाकडून. असा माणूस जवळ नसेल, तर कंपनीची नवी बॅटरी घ्यावी. ती महाग असेल. पण घरापेक्षा महाग नाही.

दोष कळला. आता हिशेब. लोक सांगतात, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून कमी असेल तर दुरुस्ती करावी. नियम वाईट नाही. पण अपुरा आहे. दुरुस्त केलेले यंत्र पुढे किती वर्षे चालेल, हे तो नियम विचारतच नाही. आम्ही मग गुरुजींना बरोबर घेऊन वर्षाचा हिशेब मांडला. आकडे समजुतीपुरते आहेत. तुम्ही तुमचे घाला.

समजा, नवे ड्रिल दोन बॅटऱ्यांसह ८,००० रुपयांना मिळते आणि ४ वर्षे चालते. आणायला कल्याणला जावे लागते. एक दिवसाची मजुरी बुडते ८०० रुपये आणि गाडीभाडे १०० रुपये, मिळून ९००. एकूण ८,९००. भागिले ४. वर्षाला २,२२५ रुपये.

आता समजा, यंत्र चांगले आहे, फक्त बॅटरी गेली आहे. नवी बॅटरी २,४०० रुपयांची. एक खेप ९००. एकूण ३,३००. यंत्र अजून २ वर्षे चालेल. वर्षाला १,६५० रुपये. म्हणजे नव्या बॅटरीत फायदा आहे.

पण एका खेपेत काम झाले नाही तर? गेलो, तर दुकानदार म्हणाला, "ही बॅटरी नाही, उद्या या." दुसरी खेप झाली. मग २,४०० अधिक १,८००, म्हणजे ४,२००. भागिले २. वर्षाला २,१००. पाहा, फायदा जवळजवळ संपला. शहराच्या माणसाला हा हिशेब करावा लागत नाही. तो जिना उतरला की दुकान. आपल्यातल्या शहापूरकराला आसनगाव स्टेशन गाठून लोकल धरावी लागते. मुरबाडकराला एस.टी.ने कल्याणला जावे लागते. तिथेही भाग मिळाला नाही तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या बाजारात. म्हणून निघण्यापूर्वी यंत्राच्या पाटीवरचे नाव आणि नंबर कागदावर उतरवून घ्या. दुकानदाराला फोन करा. वस्तू आहे म्हणाला तरच निघा. एक फोन तुमची एक दिवसाची मजुरी वाचवतो.

तिसरे उदाहरण. यंत्र जुने आहे. बॅटरी गेली, गियरही खरखरतात. बॅटरीचे २,४०० आणि गियरचे १,२००, मिळून ३,६००. नव्याच्या निम्म्याहून कमी! नियम म्हणेल, दुरुस्त करा. पण दोन खेपांचे १,८०० मिळवा. झाले ५,४००. आणि यंत्र जेमतेम एकच वर्ष चालेल. म्हणजे ते एक वर्ष ५,४०० रुपयांना पडले. नवे घेतले असते तर वर्षाला २,२२५. याला म्हणतात चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हीसुद्धा चूक आम्ही केली आहे. पहिल्या वेळी यंत्र उगाच टाकले, म्हणून पुढच्या यंत्राला उगाच कवटाळून बसलो. दोन्हींत पैसा गेला.

नवे घ्यायचे ठरले, तर तेव्हाही चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, तुम्हांला बिनतारेचेच हवे का? तुमचे काम घरी, पडवीत, विजेच्या जवळ असेल, तर तारेचे साधे ड्रिल घ्या. त्यात बॅटरी नाही, म्हणून बॅटरी मरण्याचीही भीती नाही. कार्बन बदलत राहिले की ते वर्षानुवर्षे चालते. चौकटी, खाटा, कपाटे करणाऱ्या सुताराला तेच परवडते. शिडीवर चढणाऱ्याला मात्र बिनतारेचे.

दुसरी, बॅटरीचे गोत्र. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बहुधा बसत नाही. सोयरीक जुळवताना आपण गोत्र वेगळे पाहतो. इथे उलटे आहे. गोत्र एकच हवे. आमच्या टोळीने ठरवले, की पाचही जणांनी एकाच कंपनीचे, एकाच जातीचे सामान घ्यायचे. आता एकाची बॅटरी संपली की दुसऱ्याची चालते. एकाचे यंत्र बिघडले तर दुसऱ्याचे लावून दोष ओळखता येतो. गावातल्या सुतारांनी, प्लंबरांनी, पत्रेवाल्यांनी मिळून असे ठरवले, तर सगळ्यांचाच फायदा.

तिसरी, पक्के बिल आणि हमीचे कार्ड. दुकानदार म्हणेल, बिल नको, थोडे कमी करतो. ऐकू नका. हमीच्या काळात यंत्र बिघडले, तर बिल हाच तुमचा साक्षीदार. दाद मिळाली नाही, तर ग्राहकाच्या बाजूने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. १९१५ या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवता येते. बिल घरी आणले की त्यावर तारीख वाचा. हमी किती महिन्यांची, ते पाहा. संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

चौथी, भाग मिळतात का? घेतानाच विचारा: "याची बॅटरी सुटी मिळते का? कार्बन मिळतात का? चक मिळतो का?" दुकानदार "नाही" म्हणाला, तर ते यंत्र कितीही स्वस्त असो, ते एकदाच वापरायचे पत्रावळीसारखे आहे असे समजा.

जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, चुलीत तर मुळीच नको. २०२२ साली सरकारने बॅटरीच्या कचऱ्याचे नियम केले. वापरून संपलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्या नियमांनी बॅटरी बाजारात आणणाऱ्यांवर टाकली आहे. नवी घ्यायला जाल तेव्हा जुनी बरोबर न्या आणि "ही कुठं द्यायची?" असे विचारा.

आणि आहे ते यंत्र जास्त दिवस टिकावे, म्हणून काय करावे? मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर बॅटरी ठेवू नका. सावलीत ठेवा. कामावरून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, आधी निवू द्या. चार्जर पेंढ्यापासून, कपड्यांपासून दूर, माणूस जागा असताना लावा. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी करून भरायची गरज नाही, थोडी उरली असतानाच भरावी. पावसाळ्यात काम नसते. तेव्हा ती निम्मी भरून, यंत्रापासून सुटी करून कोरड्या डब्यात ठेवावी. दोन महिन्यांनी एकदा पाहावी. यंत्राच्या फटींतली धूळ मऊ ब्रशने झाडावी.

सगळ्यांत महत्त्वाचे राहिलेच. निर्णय कधी घ्यायचा? आम्ही तो आजींच्या घरावर, ढग दाटले असताना घेतला. अडलेला माणूस हिशेब करत नाही. तो मिळेल ते आणि मागतील त्या पैशांना घेतो. म्हणून आता आम्ही दिवाळीनंतर, भात झोडून झाले की, पत्र्यांची कामे सुरू होण्याआधी दोन्ही यंत्रे तपासतो. काही बदलायचे असेल तर तेव्हाच. आणि कार्बनची एक जोडी नेहमी पेटीत असते.

तुम्ही विचाराल, आजींचे काय झाले? पुढच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो. आठही पत्र्यांचे खिळे काढले, भोके बुजवली, रबरी वायसरचे स्क्रू पिळले. पैसे घेतले नाहीत. भाताचे एक पोते नेऊन ठेवले. आजी म्हणाल्या, "पोरांनो, पोतं कशाला? मागच्या साली सांगितलं असतं ना, की मशीन बिघडली, तर शेजारच्या पाड्यावरच्या सुताराकडं होती की दुसरी." बंधूंनो, ते तर आम्हांला सुचलेच नव्हते. शेजाऱ्याला विचारणे, ही सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती.

आता परवाच्या त्या भाऊंचे ड्रिल. वर्ग सुरू होण्याआधी आम्ही आमची बॅटरी त्याला लावून पाहिली. गोत्र एकच निघाले. ड्रिल भिंगरीसारखे फिरले. मग त्यांची बॅटरी आमच्या चार्जरवर लावली, पूर्ण भरली, आणि पंधरा स्क्रूंत बसली. म्हणजे यंत्र चांगले, चार्जर चांगला, बॅटरी म्हातारी. भाऊंनी पाटीवरचे नाव आणि नंबर स्वतः वाचून वहीत उतरवून घेतले. गेल्या वर्षी त्यांना अंगठा उठवावा लागत होता. उद्या सकाळी ते कल्याणच्या दुकानाला फोन करणार आहेत. वस्तू आहे म्हणाले, तरच निघणार आहेत.